रंगांचे तयार तक्ते

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या चित्रपट मंडळाने कँटीनच्या मावशींवर केलेला बारा मिनिटांचा माहितीपट आपण पाहिलात, टाळ्याही वाजवल्यात. ‘अगदी सिनेमासारखे रंग आले आहेत’ अशी शाबासकी दोन-तीन प्राध्यापकांनीही दिली. रंगांचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे मी चार दिवस जमिनीवर नव्हतो. पाचव्या दिवशी चहा घ्यायला गेलो तेव्हा मावशींनी कप पुढे सरकवत विचारले, ‘आवाज माझाच हाय की रे, पण लुगडं कुणाचं? आणि मी काय भट्टीतनं भाजून आलोय व्हय?’

मावशींनी चित्रणासाठी मुद्दाम नवे इरकल नेसले होते. अंग गर्द हिरवे, पदर डाळिंबी. मुलाने पहिल्या पगारात घेऊन दिलेले. पडद्यावर ते अंग निळसर झाले होते आणि पदर विटेच्या रंगाचा. मावशींचा सावळा चेहरा नारिंगी पडला होता व डोळ्यांखालच्या सावल्या पार काळ्या झाल्या होत्या. हे सारे एका तयार तक्त्याने केले. मी फक्त बटण दाबले. त्या बटणाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत, कारण यंदा मंडळात आलेली नवी मुलेही तेच बटण शोधताना मला दिसतात.

संकलनाच्या धंद्यात या तक्त्याला ‘लट’ म्हणतात. (घरी मी हा शब्द काढला तेव्हा आजीला वाटले, कुणाच्या तरी केसांविषयी बोलतो आहे.) लुक-अप टेबल या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. ज्यांनी बारावीला क्लार्कचे तक्ते हाताळले आहेत त्यांना ही वस्तू अपरिचित नाही. २ समोर ०.३०१०, ३ समोर ०.४७७१, गणित करायचे नाही, पाहून लिहायचे. रंगाचा तक्ताही तसाच. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे आत जातात आणि तक्ता पाहून दुसरे तीन आकडे बाहेर येतात. साध्या आठ बिटांच्या चित्रात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग संभवतात. एवढे सगळे कोण लिहून ठेवणार? म्हणून नेहमीच्या तक्त्यात तिन्ही बाजूंना ३३-३३ घरे असतात, म्हणजे एकूण ३५,९३७ नोंदी, आणि मधले रंग शेजारच्या नोंदींवरून काढले जातात. क्लार्कच्या पानावर उजवीकडे सरासरी फरकाचे जे स्तंभ असतात, त्यांचेच हे काम.

आता क्लार्कची आणखी एक आठवण. घाईत लॉगच्या जागी अँटिलॉगचे पान उघडले गेले, तर पुस्तक ओरडत नाही. ते तितक्याच गंभीरपणे चार आकडी चुकीचे उत्तर देते. रंगाच्या तक्त्याचा स्वभाव नेमका हाच आहे. आपल्याला काय दिले आहे हे त्याला कळत नाही.

आमचे असेच झाले. एक कॅमेरा माझ्या मामांच्या स्टुडिओतला होता, आणि तो ‘लॉग’ पद्धतीने चित्रण करतो. या पद्धतीत उजेडाचे आकडे दाबून बसवलेले असतात. खिडकीतले ऊन आणि चुलीजवळची सावली दोन्ही एका चित्रात मावावीत म्हणून. ते चित्र मुळात फिकट, राखाडी, पाण्यात भिजलेले वाटते. उरलेले चित्रण दोन मोबाइलवर झाले. मोबाइल आपले चित्र आतल्या आत शिजवून, पडद्यावर दाखवायला तयार करून देतो. आणि मी उतरवून घेतलेला तक्ता कोडॅकच्या २३८३ या फिल्मची नक्कल करणारा होता. चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रती ज्या फिल्मवर काढतात ती ही फिल्म. हा तक्ता लॉग चित्राची अपेक्षा ठेवूनच बनवलेला असतो. मी तो सरसकट सगळ्या दृश्यांवर चढवला. लॉग दृश्ये बरी दिसली. मोबाइलच्या शिजलेल्या चित्राला मात्र पुन्हा फोडणी बसली: खिडकी जळाली, मावशींचा चेहरा अंधारात बुडाला. मग मी काय केले, तर तक्त्याच्या पुढे जाऊन चेहरा उजळला. एकदा काळ्यात बुडालेले आकडे वर ओढले की तपशील येत नाही, गढूळ चिखल वर येतो. त्या चिखलावर ‘सिनेमासारखा’ दिसावा म्हणून मी दुसरा तक्ता चढवला. सावल्या निळसर व कातडी नारिंगी करणारा, सध्या ज्याची फॅशन आहे तो. इरकलचा बळी त्याने घेतला.

माझे म्हणणे एवढेच आहे की तक्ता शेवटी यावा, आणि त्याआधीचे काम माणसाने डोळ्यांनी करावे. कोणते दृश्य कोणत्या कॅमेऱ्याचे आहे याची नोंद हवी. लॉग दृश्याला त्या कॅमेऱ्याच्याच कंपनीने दिलेला रूपांतराचा तक्ता लावावा. तयार दृश्याला तो लावू नये. उजेड व पांढऱ्याचा तोल यांची दुरुस्ती तक्त्याच्या अलीकडे करावी, पलीकडे नव्हे. दृश्ये एकमेकांशी जुळली की मग रंगत आणणारा तक्ता हवा तर घ्यावा, तोही पातळ करून. साधने नाहीत ही सबब आता चालत नाही. ज्या दा विंची रिझॉल्व्हवर मोठमोठे चित्रपट रंगवले जातात त्याची विनामूल्य आवृत्ती २०११ पासून मिळते आहे.

कातडीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खरी बोच तिथे आहे. फिल्मच्या काळात, १९५० च्या दशकापासून, कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पाठवीत असे. त्यात एक गोरी स्त्री असे. त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. शर्ली बरोबर दिसली की यंत्र बरोबर. सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे मग कसे का उतरेनात. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड कोडॅकने काढले ते १९९० च्या दशकात. फिल्म गेली, पण ज्याने तक्ता बनवला त्याच्या समोर कुणाचा चेहरा होता हा प्रश्न गेलेला नाही. मामांच्या स्टुडिओत लग्नाच्या मोसमात मी बसतो. ‘मुलगी जरा उजळ करा’ ही मागणी दर दुसऱ्या घरातून येते, आणि त्यासाठीही तयार तक्ते आहेत. गंमत अशी की व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखावर पाहिले तर गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, काळ्या सगळ्यांच्या कातडीचे ठिपके जवळजवळ एकाच रेषेच्या आसपास पडतात. रक्त सगळ्यांच्या कातडीखालून वाहते ना! फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणजे सावळा चेहरा ही रंगातली चूक नव्हे, आणि ‘दुरुस्ती’ या नावाखाली तो उजळणे ही लबाडी आहे. मी ती मोसमात पैशासाठी केली आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

कुणी म्हणेल, मोठे लोकही रंग बदलतातच की. बदलतात. कोएन बंधूंचा २००० सालचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हे त्याचे नामांकित उदाहरण. मिसिसिपीतली उन्हाळ्यातली हिरवीगार झाडे छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी संगणकावर वाळलेली, पिवळी करून घेतली, कारण कथा धुळीच्या, जुन्या फोटोसारख्या दिसणाऱ्या जगाची होती. तो बदल त्या कथेसाठी आधी ठरवून, मेहनतीने घडवलेला होता. माझ्या निळसर इरकलमागे कोणती कथा होती?

माझा कानडी विभागातला मित्र, ज्याने हा माहितीपट कापला-जोडला, त्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, ‘तीन कॅमेरे, पाच रात्री आणि दोन माणसे, तक्ता नसता तर संमेलनाला कोरा पडदा दाखवला असतास.’ हे खरे आहे. रूपांतराच्या तक्त्यावाचून लॉग चित्र हाताळणे दुरापास्त आहे, आणि चित्रीकरण चालू असताना पडद्यावर तक्ता लावून पाहिला तर पुढचा अंदाज येतो. त्याचे व माझे यावर अजून पूर्ण जमलेले नाही. तो तक्त्याला वेळ वाचवणारा म्हणतो. मला वाटते, वाचलेला वेळ आम्ही मावशींकडे एकदा नीट बघण्यात घालवला नाही.

सुट्टीत आम्ही दोघांनी सगळे पुन्हा केले. टेबलावरच्या पांढऱ्या बशीवरून पांढरा ठरवला. डाळिंबी पदर जुळेना, तेव्हा मावशींकडून इरकलच मागून आणले आणि खिडकीच्या उजेडात पडद्याशेजारी धरून पाहिले. कुटुंबाला दिलेली प्रत ही दुसरी आहे. ती पाहून मावशी लुगड्याविषयी काहीच बोलल्या नाहीत. चहा पातळ दिसतोय, एवढेच म्हणाल्या.

संकलनाच्या खोलीतल्या संगणकावर तयार तक्त्यांचे ते भले मोठे फोल्डर अजून आहे. यंदाच्या संमेलनाचे चित्रण सुरू होण्यापूर्वी एका शनिवारी दुपारी, मराठी असो वा कानडी, ज्यांना इच्छा असेल त्यांनी तिथे यावे. येताना घरातली एक रंगीत साडी आणि एक पांढरी बशी घेऊन यावी.