अमेरिकेंतील इंग्रजीचा हुकूम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांनीं १ मार्च २०२५ रोजीं हुकूम काढून इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा ठरविली. १७७६ पासून जवळजवळ अडीचशें वर्षें त्या राष्ट्रास अशी भाषा नव्हती, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. राज्यघटनेंत तिचा उल्लेख नाहीं. तथापि कारभार इंग्रजींतच चालला आणि देशोदेशींहून आलेल्यांचीं नातवंडें इंग्रजीच बोलूं लागलीं. खुद्द ट्रंपसाहेबांचे आजोबा जर्मनींतून आलेले आणि मातोश्री स्कॉटलंडच्या लुईस बेटांतल्या. त्या माउलीची जन्मभाषा गेलिक. चिरंजीवांस इंग्रजी यावी म्हणून कोणास हुकूम काढावा लागला नाहीं.

हुकुमाच्या कैवाऱ्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. निरनिराळ्या मुलुखांतून आलेल्यांनीं एकत्र राहावयाचें तर एक सामाईक भाषा हवीच. इंग्रजी न येणारा मनुष्य हलक्या मजुरींत अडकून पडतो हेंही खरें. पण यावरून ती शिकविण्याची सोय करावी एवढेंच निष्पन्न होतें. या हुकुमानें संध्याकाळचा एकही वर्ग उघडला नाहीं. त्यानें मुख्यत्वें केलें तें इतकेंच कीं, अध्यक्ष क्लिंटन यांचा ऑगस्ट २००० मधील हुकूम रद्द केला. त्या जुन्या हुकुमान्वयें सरकारी खात्यांस व सरकारी पैशाच्या आधारावर चालणाऱ्या संस्थांस, इंग्रजी नीट न येणाऱ्यांस आपला कारभार समजावून देण्याची तजवीज करावी लागे. दुभाषे काढून टाका असें नव्या हुकुमांत म्हटलेलें नाहीं, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. तो निर्णय खात्यांच्या मुख्यांवर सोपविला आहे. जेथें खर्चांत बचत दाखवावयाची असते तेथें अशा मुख्यांची मर्जी कोणीकडे झुकते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नको.

दवाखान्यांत दुभाषा नसला म्हणजे काय होतें? शाळेंत इंग्रजी शिकलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी आईचा हात धरून येते, डॉक्टर गांठीविषयीं बोलतो, आणि तें आईस कसें सांगावें याचा विचार त्या पोरीस करावा लागतो. औषध दिवसांतून किती वेळां घ्यावयाचें, यांत एका शब्दाची चूक झाली तर ती कोणाची? त्या आईनें इंग्रजी शिकावी, अवश्य शिकावी. पण ती शिकेपर्यंत दुखणें थांबत नाहीं.

सक्तीचा प्रयोग त्या देशानें पूर्वीं करून पाहिला आहे. पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१८ त, आयोवा संस्थानच्या गव्हर्नरानें आगगाडींत, टेलिफोनवर, प्रार्थनामंदिरांतील उपदेशांतसुद्धां इंग्रजीवांचून बोलूं नये असें फर्माविलें. नेब्रास्कांत लहान मुलांस परभाषा शिकविण्यास १९१९ त बंदी झाली, आणि रॉबर्ट मायर या शिक्षकास दहा वर्षांच्या मुलास जर्मन वाचावयास शिकविल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. १९२३ त सर्वोच्च न्यायालयानें ही शिक्षा घटनाविरुद्ध ठरविली. त्याच न्यायालयापुढें १९७४ त सान फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांचा खटला आला. सुमारें १,८०० मुलें एक अक्षर न कळतां वर्गांत बसत होतीं. पुस्तक तेंच, शिक्षक तोच, एवढ्यानें समता होत नाहीं असें न्यायालयानें सांगितलें, तें १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याच्या आधारें. तो कायदा अध्यक्षांच्या हुकुमानें पुसला जात नाहीं.

आमचीं मराठी कुटुंबेंही तेथें स्थायिक झालीं आहेत. सुटीच्या दिवशीं मुलांना मराठी शिकविण्यासाठीं त्यांस शाळा चालवाव्या लागतात. मुलांच्या तोंडीं इंग्रजी बसावी म्हणून मात्र कोणास काळजी करावी लागत नाहीं. काळजी आहे ती आजीशीं चार वाक्यें धड बोलतां येतील कीं नाहीं, याची.

इंग्रजीचा कळवळा खरा असता तर तो जमाखर्चांत दिसला असता. हुकूम निघाला त्याच वर्षीं ट्रंपसरकारनें पुढील सालच्या अंदाजपत्रकांत, इंग्रजी शिकत असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठीं शाळांस मिळणारें सुमारें ८९ कोटी डॉलरांचें अनुदान बंद करावें, अशी सूचना केली.