प्रेक्षकाने ओळखले तर बिघडले कुठे?

चाहत्यांनी मालिका बिघडवल्या, असे म्हणण्याची सध्या पद्धत पडली आहे. असे म्हणणाऱ्यांत चित्रपट-मालिकांवर गांभीर्याने लिहिणारे आहेत, स्वतः पटकथा लिहिणारेही आहेत. त्यांचे म्हणणे असे, की विज्ञानकथेच्या किंवा अद्भुतकथेच्या मालिकेचा नवा भाग आला रे आला की चाहते त्याची चिरफाड करतात, एकेक दृश्य थांबवून पाहतात आणि पुढे काय होणार ते आठवड्याच्या आत ओळखून टाकतात. मग लेखकाने राखून ठेवलेला धक्का धक्का राहत नाही आणि कथेचे नुसते कोडे होऊन बसते.

मला हे साफ अमान्य आहे. प्रेक्षकाने ओळखले म्हणून जी कथा कोसळते ती मुळातच पोकळ असते. आणि भागानंतरची ही चर्चा म्हणजे या कथाप्रकाराचे आज होणारे सर्वांत बारकाईचे वाचन आहे.

‘सेव्हरन्स’ घ्या. ल्युमन नावाच्या कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्यांची स्मृती दुभंगवलेली असते. ऑफिसातल्या माणसाला बाहेरचे काही आठवत नाही, बाहेरच्याला ऑफिसातले. दुसरा सीझन १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. पहिल्याच भागात, ऑफिसातले भान राखून थोडा वेळ बाहेर जागी झालेली कर्मचारी हेली ऑफिसात परतते आणि बाहेर आपण काय पाहिले ते सहकाऱ्यांना सांगते: एक साधेसे घर, आणि रात्री बागेत काम करणारा माळी. प्रत्यक्षात तिला बाहेर जाग आली होती ती कंपनीच्या भव्य समारंभात. पहिल्या सीझनच्या शेवटी प्रेक्षकाने ते स्वतः पाहिले होते. म्हणजे ती खोटे बोलत होती एवढे नक्की. पण का? चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, ही हेली नव्हेच, तिचेच बाहेरचे रूप, म्हणजे मालकाची मुलगी हेलेना, हेलीचे सोंग घेऊन आत आली आहे. दुसरी म्हणाली, हेलीच आहे, पण ज्यांनी आपल्याला कोंडले त्यांच्याच घरातल्या आपण, हे सांगायची तिला लाज वाटते. तिची चाल, तिचे अडखळणे, सहकारी मार्ककडे पाहण्याची तिची रीत, सगळ्याचे दाखले दोन्हीकडून दिले गेले. ७ फेब्रुवारीच्या चौथ्या भागात दुसरा सहकारी अर्विंग तिचे डोके गोठत्या पाण्यात दाबून धरतो आणि सत्य बाहेर येते. ती हेलेनाच होती.

ज्यांनी पहिल्याच आठवड्यात हे ओळखले होते त्यांचा रसभंग झाला का? मुळीच नाही. त्याच भागात मार्क तिला हेली समजून तिच्याशी एकरूप होतो. ती कोण हे ज्याला कळले होते त्याला ते दृश्य पाहवत नव्हते. ज्याला कळले नव्हते त्याला शेवटी एक झटका बसला, एवढेच. धक्का क्षणात ओसरतो, धास्ती तीन आठवडे साथ करते. कीर्तनात सीतास्वयंवर ऐकायला बसलेल्या माणसाला धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असते, तरी तो उठून जात नाही. आणि दुसऱ्या बाजूचे काय? त्यांचा अंदाज चुकला, पण हेलीच्या लाजेचा त्यांनी जो विचार केला तो पात्राच्या अंतरंगाचाच विचार होता. त्याला कोडे सोडवणे म्हणणे अन्यायाचे आहे.

आक्षेप घेणारे हटकून ‘वेस्टवर्ल्ड’चे नाव काढतात, म्हणून तेही पाहू. २०१६ च्या पहिल्या सीझनमध्ये चाहत्यांनी ताडले, की कथा दोन वेगळ्या काळांत चालली आहे आणि भाबडा विल्यम हाच पुढे काळ्या कपड्यांतला तो क्रूर म्हातारा होतो. अखेरच्या भागात तसेच निघाले. तरीही तो सीझन आजही पुन्हा पाहावासा वाटतो, कारण चांगल्या माणसाचे असे कसे होते हा प्रश्न उत्तर कळल्यावरच खरा सुरू होतो. २०१८ च्या दुसऱ्या सीझनमध्ये मात्र बर्नार्ड या पात्राची स्मृती अशी विस्कटली, की कोणते दृश्य आधीचे आणि कोणते नंतरचे हे कुणालाच कळू नये. मला तो सीझन चाहत्यांच्या पुढे पळण्यासाठी लिहिलेला वाटतो. पळता पळता माणसेच मागे राहिली. मालिका चार सीझननंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. येथे चूक ओळखणाऱ्या प्रेक्षकाची नाही. ओळखले जाण्याची भीती बाळगणाऱ्या लेखनाची आहे.

ज्याला ही भीती नव्हती असा लेखकही आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला आणि तिच्यातल्या जॉन स्नोचे खरे आईबाप कोण, याचा अंदाज वाचकांनी गेल्या शतकातच बांधला. मार्टिन यांनी उत्तर बदलले नाही. उलट तिच्यावरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका काढू पाहणारे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी हाच प्रश्न परीक्षेसारखा विचारला: जॉनची आई कोण? दोघांनी बरोबर ओळखले आणि मालिका उभी राहिली. २०१६ मध्ये पडद्यावर ते उघड झाले तेव्हा वर्षानुवर्षे उत्तर माहीत असलेल्यांचेही डोळे भरून आले.

लेखक आणि चाहते यांच्या सहवासाची किंमत मोजावी लागते, हे मी नाकारत नाही. ‘बॅबिलॉन ५’चे कर्ते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की नव्वदच्या दशकात, इंटरनेट बाल्यावस्थेत असताना, चाहत्यांशी रोजच्या रोज बोलत. एका चाहत्याने बोलता बोलता एक कल्पना मांडली आणि ती नेमकी स्ट्रॅझिन्स्की यांच्या मनातल्या एका भागाशी जुळली. स्मृती पुसून टाकलेला खुनी आणि त्याचा पश्चात्ताप, असा तो भाग. कल्पना चोरल्याचा आरोप येऊ नये म्हणून, त्या चाहत्याने आपला हक्क नसल्याचे लिहून देईपर्यंत तो भाग अडून राहिला. १९९५ मध्ये तो ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ या नावाने आला आणि मालिकेच्या उत्तम भागांत गणला गेला. एवढे होऊनही स्ट्रॅझिन्स्की यांनी बोलणे थांबवले नाही. पाच वर्षांची एकसंध कथा सांगणाऱ्या लेखकाला ती सलग ध्यानात ठेवणारे प्रेक्षक हवेच होते.

आता सर्वांत गंभीर आरोप. चाहते मालकी गाजवतात, छळतात. २०२२ मध्ये ‘ओबी-वॉन केनोबी’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेत काम केलेल्या मोझेस इन्ग्रम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला वंशद्वेषी संदेशांचा भडिमार सोसावा लागला. हे घडले, आणि त्याला कोणतेही समर्थन नाही. पण ते संदेश वाचून पाहिले तर भागाविषयी त्यांत काय आहे? काहीच नाही. कथेचा विचार करणाऱ्याला नटीच्या कातडीचा रंग आडवा येत नाही. त्या मालिकेचे नायक इवान मॅग्रेगर यांनी असे वागणारे स्टार वॉर्सचे चाहतेच नव्हेत, असे जाहीर सांगितले. मी पुढे जाऊन म्हणतो, चाहत्यांनी अशांना आपल्यातून हाकलून देण्याचे काम स्वतः केले पाहिजे. ते नटांवर किंवा निर्मात्यांवर सोडू नये.

छळ वेगळा आणि टीका वेगळी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट २०१९ मध्ये आला तेव्हा सीझन नव्याने काढा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ती मागणी चुकीची होती. लेखकाने लिहिले ते लिहिले. पण मागणीमागची तक्रार खोटी नव्हती. नायिका डेनेरिस शहर जाळते यावर बहुतेकांचा राग नव्हता, तिला तिथवर नेणारी वाट दाखवलीच नाही यावर होता. आधी प्रत्येक सीझनचे दहा भाग असत, सातव्याचे सात आणि आठव्याचे सहाच झाले. ही तक्रार रचनेची होती, आणि ती सगळ्यांत आधी त्यांनीच केली ज्यांनी प्रत्येक भागावर आठ वर्षे बोलून काढली होती.

या बोलण्याला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांसाठी ‘डॉक्टर हू’ पुरेसा आहे. बीबीसीने साठच्या दशकातले या मालिकेचे कितीतरी भाग पुसून टाकले. त्या काळी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून मुले त्या भागांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेत, पुन्हा ऐकता यावा म्हणून, त्यावर बोलता यावे म्हणून. आज गहाळ असलेल्या प्रत्येक भागाचा आवाज जगात आहे तो त्यांच्यामुळे. त्याच आवाजावर चित्रे चढवून २०१६ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डेलेक्स’ ही गहाळ कथा पुन्हा उभी केली गेली. आणि १९८९ मध्ये थांबलेली ही मालिका २००५ मध्ये परत आणणारे रसेल टी. डेव्हिस लहानपणापासून तिचे चाहतेच. ‘स्टार ट्रेक’चा असाच एक चाहता, रोनाल्ड डी. मूर, आधी त्याच मालिकेचा लेखक झाला. पुढे त्याने ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने काढली तेव्हा जवळजवळ प्रत्येक भागावर स्वतःचे बोलके भाष्य ध्वनिमुद्रित करून प्रेक्षकांच्या हाती दिले.

असे बोलणे व्हायला वेळ लागतो, म्हणून माझा आग्रह साप्ताहिक भागाचा आहे. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला सीझन एकदम ओतला. शेवटचा सीझन २०२५ मध्ये देताना मात्र तीन हप्ते केले. त्यामागे व्यापार असेल, असू दे. पण दोन भागांमधला रिकामा काळ हा प्रेक्षकाचा असतो आणि कथा त्या काळात मुरते. मराठी वाचकाला हे सांगायची गरज पडू नये. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आली होती.

आज पुण्या-ठाण्यात, दुबईत, न्यू जर्सीत असे असंख्य मराठी प्रेक्षक आहेत जे या मालिका तितक्याच बारकाईने पाहतात आणि त्यांवर बोलतात, पण लिहायची वेळ आली की इंग्रजीत लिहितात. मराठी नियतकालिकांत चित्रपटाला दर आठवड्याला जागा असते, मालिकेच्या एका भागाला नसते. संपादकांनी ती द्यावी. आणि वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या भागाने तुम्हांला झोपू दिले नाही, तर तुमचा अंदाज, तुमची शंका, तुमची तक्रार मराठीत लिहा, आणि अंदाज चुकला तरी लिहिलेले पुसू नका.