घरच्या लॅपटॉपवर मिंटच घाला

आमच्या अंबाजोगाई-केज भागात बऱ्याच घरांतला लॅपटॉप पुण्याकडून आलेला असतो. चाकणला कंपनीत लागलेला मुलगा दिवाळीला बहिणीच्या बारावीसाठी एखादा वापरलेला घेऊन येतो. पाचव्या-सहाव्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, बॅटरी नावापुरती. अशा यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्याला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मग कोणीतरी पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’ मारून देतो, आणि त्याच लॅपटॉपवर बापाचे बँक खाते उघडते, पीक विम्याचा अर्ज भरला जातो. मला याची खरोखर भीती वाटते. म्हणून माझ्या संगणक क्लासला येणाऱ्या प्रत्येक घराला मी सांगतो, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घाला, आणि त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

पोरांच्या तोंडी काली लिनक्सचे नाव असते. काली सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी आहे. नवख्यांनी त्याने सुरुवात करू नये, असे ते बनवणारेच सांगतात. उबुंटू चांगले आहे, मिंट त्याच्यावरच उभे आहे. पण चार जीबीत उबुंटू जड वाटते आणि त्याची मांडणीही अनोळखी. मिंटमध्ये मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे. एमएस-सीआयटी केलेली वहिनी कुणाला न विचारता काम सुरू करते. २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहतील.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दिवाळीच्या सुमारास हजारो आईबाप ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. मागे आजी आणि लेकरे. तेव्हा लॅपटॉप अडला तर चाकणच्या भावाला फोन लावून भागत नाही. म्हणून ॲडमिनचा पासवर्ड घरी राहणाऱ्या मोठ्या मुलीकडे द्या आणि तो वहीत लिहून ठेवा. प्रत्येकाचे खाते वेगळे करा: तिच्या नोट्स तिच्या खात्यात, वडिलांचे सातबारे त्यांच्या, धाकट्याला साधे खाते. मिंटमधले टाइमशिफ्ट चालू करून ठेवले, तर बिघडलेली यंत्रणा मागच्या चांगल्या स्थितीत नेता येते. ते कसे करायचे हेही तिलाच दाखवा.

ज्या घरात टॅलीवर हिशेब चालतो किंवा डिजिटल सहीचा टोकन रोज लागतो, तिथे मी विंडोज काढायला सांगत नाही. बाकीच्यांनी आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघावे. डिस्कवर काही न घालता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासता येतो. मराठीचा कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.

अडचण आहे ती मिंटची फाइल उतरवण्याची. ती सुमारे तीन जीबीची. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर गावातून कोण उतरवणार? केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत, कारण तिथे सरकारने स्वतः ते शाळेपर्यंत पोहोचवले. आपल्याकडे तसे होईपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक क्लासने आणि वाचनालयाने मिंटचा एक पेनड्राइव्ह तयार ठेवावा, मागेल त्याला त्याची प्रत करून द्यावी, आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.