फुकटचा सांगावा

माझा आजा मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळायचा. मोबदला? शिळी भाकर. ते महारवतन 1958 च्या कायद्यानं मोडलं म्हणतात. झूट!

माझा धाकटा भाऊ धुळ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत एका पेपरात इंटर्नशिप. बातमी तो आणतो, नाव दुसऱ्याचं. पगार शून्य, शेवटी सर्टिफिकेट देणार म्हणे. इकडं कॉलेजात हजेरी बुडते. त्याच्या खोलीचं भाडं मी जळगावच्या डाळमिलमध्ये पोती उचलून धाडतो. मग पेपरमालकाला पोसतंय कोण? मी!

'शिकायला मिळतं ना,' साहेब म्हणतात. शिकवणारे कोण? 2019 च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्रीच्या पाहणीत पत्रकारितेतल्या 121 वरच्या खुर्च्यांपैकी 106 सवर्णांकडं. दलित-आदिवासी एकही नाही. 1920 साली 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. आता आमची पोरं आत घेतात, पण फुकट. एवढीच सुधारणा.

भावाला म्हणलं, सोमवारी आधी पगार माग. नाही म्हणाले तर उठ, परीक्षेला बस. अन् वस्तीची बातमी आपल्या अंकात लिही. पैसे इथंही नाहीत, कबूल. पण इथं मालक नाही, अन् खाली नाव तुझंच राहील.

तुमच्यात कोण कोण असं राबतंय? कळवा. पुढच्या अंकात यादी छापू.