फोटोआधीचा मेकअप

परागकणाचा किंवा माशीच्या डोळ्याचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेला फोटो तुम्हीही कधीतरी वॉलपेपर म्हणून लावला असेल. पण त्या फोटोआधी नमुन्याचा जो मेकअप होतो, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माझ्या मते तो फोटोइतकाच महत्त्वाचा आहे.

(दिवसभर कोड लिहिणाऱ्याने यात नाक का खुपसावं, असं तुम्ही म्हणाल. सांगतो, जरा धीर धरा :) )

नेहमीच्या स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या दोन अटी असतात. आत निर्वात असतं, म्हणजे ओला नमुना चालत नाही. पाणी उडून तो सुरकुततो. आणि नमुन्यातून वीज वाहायला हवी, नाहीतर इलेक्ट्रॉन तिथेच साठून चित्र भगभगीत, वेडंवाकडं येतं. पेशी दोन्ही विषयांत नापास. मग काय, आधी ग्लुटाराल्डिहाइडने तिची रचना पक्की करा. बऱ्याचदा त्यावर ऑस्मियम टेट्रॉक्साइड, ज्याची वाफ डोळ्यांना घातक. मग वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढा. मग ३१ अंश सेल्सिअस आणि ७३ पट वातावरणदाबापलीकडे नेलेल्या कार्बन डायऑक्साइडने सुकवा. शेवटी सोन्याचा मुलामा. एवढं करून नमुना थोडाफार आक्रसतोच!

इथे आयनिक लिक्विड कामाला येतं. नाव जड आहे, पण गोष्ट सोपी : खोलीच्या तापमानालाही पातळ राहणारं मीठ. आपलं जेवणातलं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. पण १९१४ मध्येच पॉल वाल्डेन यांनी १२ अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मिठाची नोंद केली होती. अशी मिठं निर्वातातही जवळजवळ उडत नाहीत, आणि आयनांमुळे वीजही वाहून नेतात. दोन्ही पेपर सुटले! हे द्रव मायक्रोस्कोपमध्ये ठेवलं तरी त्यावर चार्ज साठत नाही, हे ओसाका विद्यापीठातल्या सुसुमु कुवाबाता आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं. पुढे त्यांनी वाकामे हे समुद्री शेवाळ या द्रवात भिजवून, ओलं असताना दिसतं तसं फुगलेलं पाहिलं. ना सुकवणं, ना सोनं.

या पद्धतीचं कौतुक होतं ते 'झटपट' म्हणून. माझं भांडण इथेच आहे. वेळ वाचतो हे खरं, पण तो दुय्यम फायदा. खरा फायदा हा, की आपल्याला दुसरा साक्षीदार मिळाला.

आमच्या धंद्यात काही बग डीबगर लावला की गायब होतात. पाहण्याच्या साधनानेच गोष्ट बदलते. तेव्हा आम्ही वेगळ्या मार्गाने, म्हणजे लॉग लिहून, तीच गोष्ट तपासतो. सुकवलेल्या पेशीवरची सुरकुती पेशीची की सुकवण्याची? एकाच पद्धतीने हजार फोटो काढलेत तरी उत्तर मिळणार नाही, कारण हजारही फोटोंत तीच चूक असेल. सुकवलेला आणि न सुकवलेला, दोन्ही नमुन्यांत ती दिसली तर विश्वास वाढतो. एकातच दिसली तर शंका घ्यायला जागा आहे.

अर्थात हा साक्षीदारही धुतल्या तांदळाचा नाही. द्रव घट्ट असतं. थर जाड बसला तर बारीक नक्षी बुडून जाते, म्हणून ते पातळ करून लावायचं आणि जास्तीचं टिपून घ्यायचं. काही आयनिक लिक्विडं पेशीचं आवरणच बिघडवतात. नाजूक पेशींना आधी पक्कं करणंही बऱ्याचदा टळत नाही. म्हणून जुनी पद्धत मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. दोन्ही शेजारी ठेवा.

आणि एक मागणी. शोधनिबंधात तयारीची पद्धत लिहिलेली असते, पण तोच फोटो वर्तमानपत्रात किंवा पाठ्यपुस्तकात येतो तेव्हा ती बऱ्याचदा गळून पडते. 'सुकवून, सोन्याचा मुलामा देऊन' किंवा 'आयनिक लिक्विडमध्ये भिजवून' एवढे तीनचार शब्द फोटोखाली छापायला कितीशी जागा लागते? टेस्ट कुठल्या मशीनवर चालवली हे न सांगता कुणी आकडे फेकले तर आपण मीटिंगमध्ये सोडतो का त्याला? मग इथेही विचारायला काय हरकत आहे?