शब्द सापडला... पण कुणाला?

हल्ली आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांत स्क्रॅबलचा डाव मांडला की बोर्डाशेजारी एक मोबाईलही मांडलेला असतो. हातातली सात अक्षरं त्यात टाकायची, बटण दाबायचं, की त्यांतून होणाऱ्या सगळ्या इंग्रजी शब्दांची यादी हजर. आणि समर्थन काय, तर "अगं, तेवढंच मुलांचं इंग्रजी सुधारतं!"

मला हे अजिबात मान्य नाही. मंडळी रागावली तरी चालेल :)

ते यंत्र करतं काय ते आधी बघू. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही अक्षरं घ्या. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावली, तर 'रिटेन्स'ची हीच ओळ येते, 'रेटिनाज'ची हीच, 'नॅस्टियर'ची हीच. ग्रीसमधली राळेच्या वासाची वाइन असते ना, 'रेट्सिना', तिचीही हीच! आपली अक्षरं तशीच लावायची, की जुळणारे सगळे शब्द एकदम हाती. पिनकोड बघून पत्रं लावण्यासारखं काम आहे. पत्रात काय लिहिलंय, याच्याशी संबंध नाही.

"पण शब्दकोश तरी वेगळं काय असतो?" असं एका भावजींचं म्हणणं. अहो, शब्दकोशाकडे आपण शब्द घेऊन जातो आणि अर्थ घेऊन येतो. इथे अक्षरं घेऊन जातो, शब्द घेऊन येतो, आणि अर्थाची कुणी चौकशीही करत नाही. पोरगं क्यू आणि आय लावून 'ची' करतं (क्यूचे १० गुण ना!). म्हणजे काय रे, विचारलं तर उत्तर येतं, "चालतो तो." चिनी विचारात प्राणशक्तीला हा शब्द आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

मुळात स्क्रॅबल म्हणजे भाषेची शिकवणी हाच भ्रम आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी पाठ केली होती, बस्स. २०२४ मध्ये त्याने स्पॅनिशचंही विजेतेपद मिळवलं, तेही स्पॅनिश येत नसताना. माणूस अफाट आहे, वादच नाही. पण त्याने यादी निदान स्वतःच्या डोक्यात भरली होती!

मग या खेळात मुलांना मिळतं काय? शोधणं. टाइल्स इकडून तिकडे सरकवताना कळतं की आय-एन-जी हाताशी आले तर शेवटाला बाजूला काढून ठेवावेत, आर-ई पुढे लावून बघावेत, क्यू आला की आधी यू शोधावा. इंग्रजी शब्दाचा बांधा कसा असतो, हे त्या सरकवण्यातून बोटांना समजतं. मराठी माध्यमातल्या मुलांना तर जास्तच, कारण आपल्याला काना-मात्रेसकट अख्खं अक्षर वाचायची सवय, आणि इथे स्वरसुद्धा सुटे, पुढेमागे हलणारे. खेळातलं एवढंच काय ते शिक्षण, आणि मोबाईल नेमकं तेच काढून घेतो. उरतं काय? बेरीज.

यापेक्षा आपलं 'नाव-गाव-फळ-फूल' परवडलं. 'ढ' आला की फळ आठवताना घाम फुटतो, पण आठवावं स्वतःलाच लागतं आणि ते फळ खरंच असावंही लागतं.

मी यंत्रावर बंदी घाला म्हणत नाही. डाव संपल्यावर खुशाल काढा. काय काय हुकलं ते बघा, आणि यादीतले दोन-तीन अनोळखी शब्द शब्दकोशात उघडून मोठ्याने वाचा. पण डाव चालू असताना नाही. सात अक्षरांपुढे पोरगं दहा मिनिटं नुसतं बसलं तर बसू दे ना. आपल्यालाच कसली घाई असते?

असो. दिवाळीत आमच्याकडे बोर्ड मांडला जाईल. मोबाईल आतल्या खोलीत, फराळ बाहेर.