रोगाचे नाव कळले पाहिजे

जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या दोन तान्ह्या बालकांत मानवी मेटान्यूमोव्हायरस आढळल्याची वार्ता आली आणि महाराष्ट्रातील पालकवर्ग चिंतेत पडला. वस्तुतः या विषाणूचा शोध हॉलंडमध्ये २००१ साली लागला होता आणि तो भारतीय बालकांतही आढळतो, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २००४ सालीच प्रसिद्ध केले होते. वीस वर्षे आपल्यातच वावरणाऱ्या विषाणूला आपण नवागत समजून दचकलो! या भीतीचे मूळ रोगापेक्षा आपल्या अज्ञानात अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकांत विषाणूंचा वाटा फार मोठा असतो. आशिया व आफ्रिकेतील सात देशांत तीव्र न्यूमोनियाच्या बालरुग्णांची झालेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ६१ टक्के रोगाचे कारण विषाणू ठरले. एकट्या ‘आरएसव्ही’चाच वाटा ३१ टक्के होता. विषाणूंवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही. जंतुसंसर्गाची शंका असल्यास ती औषधे अवश्य द्यावीत. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे, औषधविक्रेत्याचा नव्हे.

शाहूवाडी वा गगनबावड्याच्या मुसळधार पावसातून मूल घेऊन सीपीआर रुग्णालय गाठणाऱ्या मातेला विषाणूचे नाव कळून काय लाभ, असे कोणी विचारील. लाभ आहे. अनावश्यक औषधे टळतात, इन्फ्लुएंझावरील औषध वेळीच देता येते, संसर्ग शेजारच्या खाटेवर जाऊ नये अशी व्यवस्था करता येते आणि साथीच्या आधीच प्राणवायूची तजवीज होते. आरएसव्हीपासून नवजात बालकाचे रक्षण व्हावे म्हणून गर्भवतीस द्यावयाच्या लशीला अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता दिली. असे उपाय आपल्याकडे कोणासाठी व कोणत्या महिन्यांत योजावेत, हे स्थानिक नोंदींवाचून कसे ठरणार?

कोरोनाच्या साथीत विषाणूचाचणीची यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली. ती आता बालकांच्या सेवेस लावावी. दाखल होणाऱ्या मुलांपैकी काहींचे नमुने वर्षभर नियमाने तपासावेत आणि निष्कर्ष दरमहा जाहीर करावेत. ही मागणी अवाजवी खासच नाही.

पालकांच्या हातीही एक साधी चाचणी आहे. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे ६०, एक वर्षाखालील ५० किंवा पाच वर्षांखालील ४० वा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर काढ्यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. सुज्ञ पालक एवढे निश्चित करतील. शासनाने आपले कर्तव्य करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.